श्रेय नावानिशी द्यायचं

चि. — हिस, अनेक उत्तम आशीर्वाद.

नाव मुद्दाम गाळलं आहे. हल्ली पत्रांचे फोटो निघतात आणि फिरतात. ज्यांनी तुला हा प्रश्न पाडला त्यांच्या तोंडी तुझं नाव आणखी एकदा जायला नको.

तुझ्या पत्रात तीन माणसं आहेत. पहिला तो समालोचक. उपांत्यपूर्व सामना तू जिंकलीस तेव्हा तो म्हणाला, दोन वंशांचं रक्त एकत्र आलं की असाच खेळाडू निपजतो. दुसरा एजंट. त्याला तुझ्या सर्व्हिसपेक्षा तुझ्या आईबाबांच्या रंगात जास्त रस आहे, आणि त्यानं कराराच्या मसुद्यात 'दोन जगांची एक मुलगी' असं काहीसं लिहून पाठवलं आहे. तिसरा कुणी अनोळखी. उपांत्य फेरीत तू हरलीस त्या रात्री त्यानं लिहिलं, ही धड इकडची नाही, धड तिकडची नाही, हिच्यात जिद्द यायची कुठून. या तिघांचं ऐकून तू गोंधळलीस, ते मी समजू शकतो. मला राग आला तो तुझ्या शेवटच्या ओळीचा. 'कदाचित त्यात तथ्यही असेल, सर.'

तथ्य! अगं, तिघंही एकच बोलताहेत. एक गोड बोलतोय, एक पैशाचं बोलतोय, एक घाण बोलतोय, पण तिघांच्याही वाक्यात तू कुठेच नाहीस. जिंकलं ते रक्त, विकायचं ते रक्त, हरलं तेही रक्तच. मग रोज पहाटे बॉलची टोपली ओढत कोर्टावर नेणारी ती मुलगी कोण होती?

माझं म्हणणं एकच आहे. कोर्टावर ते तुला कधी सांगितलं नाही, कारण तिथे पाय हलव म्हणून ओरडण्यातच माझा वेळ जायचा. श्रेय द्यायचं तर नावानिशी द्यायचं. दोषही तसाच. वंश पहाटे उठत नाही, वंश फिजिओचं बिल भरत नाही, वंश टायब्रेकमध्ये दुसरी सर्व्हिस मारत नाही. हे सगळं माणसं करतात, आणि माणसांना नावं असतात.

अमेरिकेची टेनिसपटू मॅडिसन कीज बघ. वडील कृष्णवर्णीय, आई गोरी. 2017 साली अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात ती स्लोन स्टीफन्सकडून 6-3, 6-0 अशी हरली. ग्रँड स्लॅमचं पहिलं विजेतेपद मिळायला 2025 उजाडावं लागलं. त्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तिनं उपांत्य फेरीत मॅच पॉइंट वाचवून श्वियाँटेकला हरवलं आणि अंतिम फेरीत साबालेंकाला. म्हणजे आधी जगातली दुसरी, मग पहिली. आता तुझ्या समालोचकाला विचार, मधल्या सात वर्षांत हे गुणी रक्त कुठे गेलं होतं? 2017 मध्येही आईवडील तेच होते की! बदललं ते दुसरंच. तिनं नव्या मोसमाच्या तोंडावर रॅकेट बदलली. वर्षानुवर्षं हाताला बसलेली रॅकेट सोडणं म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको. त्यासाठी तिच्या मागे लागला होता तिचा नवरा आणि कोच, ब्योर्न फ्राटांजेलो. शिवाय तिनं थेरपी घेतली, दडपणाबद्दल मोकळेपणानं बोलायला शिकली, आणि जिंकल्यावर ते जगासमोर सांगितलंही. नवरा, रॅकेट, थेरपिस्ट. याला म्हणतात कारण. 'मिश्र रक्त' हे कारण नाही, कारण शोधायचा कंटाळा आहे.

तू हुशार आहेस, म्हणून पुढचा प्रश्न मला माहीत आहे. हायब्रीडचं काय? संकरित वाण जोमदार येतं ना? येतं. पण त्याआधी मक्याच्या ओळी पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्याच परागावर वाढवून दुबळ्या झालेल्या असतात. अशा दोन ओळींचा संकर केला की हरवलेला जोम परत येतो. माणसांचे वंश म्हणजे अशा कोंडून ठेवलेल्या ओळी नव्हेत. ते कायमच एकमेकांत मिसळत आलेले आहेत. आनुवंशशास्त्रज्ञ रिचर्ड लेवाँटिन यांनी 1972 साली दाखवून दिलं होतं की माणसामाणसांतल्या जनुकीय फरकापैकी सुमारे 85 टक्के फरक एकेका समूहाच्या आतच असतो. म्हणजे ज्याला आपण एक 'वंश' म्हणून मोकळे होतो, त्यातलीच दोन माणसं एकमेकांपासून भरपूर वेगळी असू शकतात. मग दोन 'वंशां'ची बेरीज करून फोरहँड कसा निघणार?

शरीर वारशानं येत नाही असं मी म्हणत नाही. तेवढा मूर्ख मी नाही. तुझे लांब हात तुझ्या वडिलांचे आहेत, ते मला पहिल्या दिवशी दिसले. पण ते त्या एका माणसाचे आहेत, त्याच्या वंशाचे नाहीत. त्याच्याच वंशाची आखूड हातांची लाखो माणसं जगात सुखानं राहतात. बास्केटबॉलपटू क्ले थॉम्पसनचे वडील मायकल थॉम्पसन 1978 च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, सर्वांत पहिले निवडले गेले होते आणि आई व्हॉलिबॉल खेळायची. अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या पॅट्रिक महोम्सचे वडील मेजर लीग बेसबॉलचे पिचर, त्यामुळे पोरगा लहानपणापासून व्यावसायिक खेळाडूंच्या ड्रेसिंग रूममध्ये वावरला. किलियन एम्बापेचे वडील पॅरिसजवळच्या बाँदीच्या क्लबात फुटबॉल शिकवायचे, आई फैजा लामारी हँडबॉलपटू. ही सगळी मिश्र वंशाची मुलं म्हणून यादीत येतात. मला तर ही खेळाडूंच्या घरची मुलं म्हणूनच दिसतात. यादी करणाऱ्यानं घरात डोकावलंच नाही, दारावरचा रंग तेवढा बघितला.

मग अलीकडेच एवढे जण का दिसायला लागले? हा प्रश्न मात्र चांगला आहे, आणि त्याला रक्तावाचून उत्तर आहे. जून 1967 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया खटल्याचा निकाल दिला. तोवर तिथल्या 16 राज्यांत असं मिश्र लग्न बेकायदा होतं. बेसबॉलचा डेरेक जेटर 1974 चा, गोल्फचा टायगर वुड्स 1975 चा, अमेरिकन फुटबॉलचा हाइन्स वॉर्ड 1976 चा. तारखा शेजारी ठेवून बघ. तिथल्या जनगणनेत एकापेक्षा जास्त वंशांवर खूण करायची मुभाच मुळी 2000 साली मिळाली. तेव्हा 2.4 टक्के लोकांनी तशी खूण केली, 2020 मध्ये 10.2 टक्के. त्यातली बरीच वाढ प्रश्न विचारायची आणि उत्तरं नोंदवायची पद्धत बदलल्यामुळे आहे. पूर्वी असे खेळाडू नव्हतेच असं नाही. त्यांना सरळ एका बाजूच्या खात्यात टाकलं जायचं. आता मोजायला लागलो आणि लगेच 'अरे, हे तर सगळीकडे जिंकताहेत' म्हणून आश्चर्य करायला लागलो. हरलेल्यांची यादी कुणी केलीय?

टायगरचंच बघ. अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ संघटनेच्या घटनेत फक्त गोऱ्यांनाच सभासद करून घेण्याचं कलम होतं. ते 1961 साली निघालं. मास्टर्स स्पर्धेत पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरला तो ली एल्डर, एप्रिल 1975 मध्ये. त्याच वर्षीच्या डिसेंबरात टायगर जन्मला. आई कुल्टिडा थायलंडची, वडील अर्ल सैन्यातले अधिकारी. निवृत्त फौजीचा मुलगा म्हणून नौदलाच्या गोल्फ कोर्सवर त्याचा हात बसला. पुढे 1997 मध्ये, 21 व्या वर्षी, त्यानं मास्टर्स 12 फटक्यांच्या फरकानं जिंकली. त्या दिवशी जगभर त्याच्या रक्ताची वाटणी सुरू होती, इतकं थाई, इतकं आफ्रिकी, इतकं अमुक. आणि तो पोरगा काय म्हणाला? पहिला मी नव्हे. चार्ली सिफर्ड, ली एल्डर, टेड ऱ्होड्स यांनी वाट केली म्हणून मी इथवर आलो. तीन माणसं, तीन नावं. नंतर त्यानं स्वतःच्या मुलाचं नाव चार्ली ठेवलं, ते सिफर्डवरूनच. पुढच्या आयुष्यात टायगर जे काही वागला त्याचं समर्थन मला करायचं नाही. पण त्या दिवशी त्यानं श्रेय जसं दिलं, तसं द्यायचं असतं.

आपल्या खेळात याहून सुंदर गोष्ट यानिक नोआची आहे, आणि ती तू नीट वाचलेली नाहीस याचा मला राग आहे. वडील झकारी कॅमेरूनचे फुटबॉलपटू, आई मारी-क्लेअर फ्रेंच शिक्षिका. मुलगा याऊंडेत वाढत होता. 1971 मध्ये अमेरिकन टेनिसपटू आर्थर अ‍ॅश आफ्रिकेच्या दौऱ्यावर तिथे गेला आणि या 11 वर्षांच्या पोराशी खेळला. खेळून झाल्यावर पाठ थोपटून विमानात बसला असता तर? त्यानं फ्रेंच टेनिसमधलं वजनदार नाव असलेल्या फिलिप शात्रिए यांना कळवलं. पोरगा घर सोडून नीसला प्रशिक्षणाला गेला. 1983 मध्ये तो फ्रेंच ओपन जिंकला, आणि त्यानंतर आजवर एकाही फ्रेंच पुरुषाला ती एकेरीत जिंकता आलेली नाही. त्या विजयातून 'रक्त' काढून टाक, मी तुला अ‍ॅश देतो, शात्रिए देतो, बारा वर्षांची मेहनत देतो, पोटच्या पोराला इतक्या लहान वयात दूर पाठवणारी आई देतो. आता उलट करून बघ. रक्त ठेव आणि अ‍ॅशला वगळ. नोआचं नाव तरी तुला ठाऊक असतं का?

माझी चिडचिड तुला इथे कळेल. रक्ताची गोष्ट सांगितली की ही सगळी माणसं नाहीशी होतात. विशेषतः आया नाहीशा होतात. हाइन्स वॉर्ड सोलमध्ये जन्मला, आई किम यंग-ही कोरियन, वडील अमेरिकी सैन्यातले कृष्णवर्णीय जवान. लग्न मोडलं. परक्या देशात, भाषा येत नसताना त्या बाईनं तीन-तीन नोकऱ्या करून त्याला वाढवलं. शाळेत सोडायला आली की त्याला तिची लाज वाटायची, तो गाडीत खाली वाकून लपायचा. एकदा त्यानं वळून बघितलं तर ती रडत होती. हे त्यानं स्वतःच पुढे अनेकदा सांगितलं आहे. फेब्रुवारी 2006 मध्ये त्याच्या पिट्सबर्ग स्टीलर्स संघानं सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकला आणि वॉर्ड सामन्याचा मानकरी ठरला. लगोलग कोरियाला साक्षात्कार झाला की हा आमचाच. दोन महिन्यांनी आईला घेऊन तो तिकडे गेला तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी भेटीला बोलावलं, सोलनं मानद नागरिकत्व दिलं. त्याच देशात तेव्हा मिश्र वंशाच्या मुलांचा शाळांमधून छळ होत होता, रंगानं वेगळी दिसणारी मुलं सक्तीच्या लष्करी सेवेतही घेतली जात नव्हती. वॉर्डनं सत्कार घेतला आणि त्या मुलांसाठी संस्था काढली. जाईल तिथे आईचं नाव घेतलं. मला हा माणूस आवडतो. सत्काराला नाही म्हणाला नाही, पण श्रेय चुकीच्या खिशात जाऊ दिलं नाही.

आता तुझ्या एजंटाकडे वळू. तुला वाटत असेल, सर म्हणणार सही करू नकोस. कर. पैसे घे. क्वालिफाइंगच्या फेऱ्या खेळणाऱ्या मुलीला विमानाची तिकिटं, हॉटेलं, कोच आणि रॅकेटच्या तारा हे सगळं स्वतःच्या खिशातून करावं लागतं. गरिबीत काही पावित्र्य नाही. पण तो काय विकत घेतोय ते समजून सही कर. नाओमी ओसाकाचा मार्ग बघ. वडील लिओनार्ड फ्रांस्वा हैतीचे, आई तामाकी जपानी. वडिलांना टेनिस येत नव्हतं. 1999 च्या फ्रेंच ओपनमध्ये विल्यम्स बहिणींना बघून त्यांनी ठरवलं की आपल्याही मुली खेळतील, आणि पुस्तकं, डीव्हीडी बघून शिकवायला लागले. नाओमी वर्षानुवर्षं थोरल्या मारीकडून हरत राहिली. 2018 मध्ये तिनं अमेरिकन ओपनला सेरेनाला हरवलं आणि जाहिरातदारांची रांग लागली. 2020 मध्ये फोर्ब्सच्या हिशेबानं ती जगातली सर्वाधिक कमावणारी महिला खेळाडू होती, वर्षाला 3 कोटी 74 लाख डॉलर. त्याच रांगेतल्या एका नूडल्स कंपनीनं 2019 च्या जानेवारीत जाहिरातीत तिचं कार्टून काढलं ते गोऱ्या कातडीचं आणि तपकिरी केसांचं. बोभाटा झाल्यावर माफी मागून ती मागे घेतली. पुढे 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकची ज्योत तिच्या हातून पेटवली गेली, नव्या जपानचा चेहरा म्हणून. चार दिवसांनी तिसऱ्या फेरीत ती वोंद्रुशोवाकडून हरली, आणि लोक लिहू लागले की मुळात ही जपानी तरी कशी.

चार दिवस, बाई! तुझ्या समालोचकाचं आणि त्या अनोळखी माणसाचं अंतर एवढंच असतं. म्हणून सांगतो, जिंकल्याचं श्रेय रक्ताच्या पदरात टाकू नकोस. ते गोड लागतं, पण हरल्यावर हिशेब त्याच खात्यावर निघतो. तू उपांत्य सामना हरलीस कारण तुझी दुसरी सर्व्हिस आखूड पडत होती आणि ती मुलगी पुढे येऊन बॅकहँडनं लाइनवर मारत होती. मी पूर्ण सामना बघितला. त्यात आईचा वंशही नव्हता आणि वडिलांचाही नव्हता, होता तो तुझा टॉस, सर्व्हिससाठी वर फेकलेला बॉल, जो थकल्यावर डोक्यामागे जातो. याचा दोष तुझा आहे आणि थोडा माझा. दोघांनाही नावं आहेत. टॉस सुधारता येतो. रक्त कसं सुधारणार आहेस?

तू लिहिलंस की 'अर्धी' हा शब्द सर्वांत लागला. लागणारच. न्यूझीलंडचा रॉस टेलर, आई सामोआची, 100 च्या वर कसोटी खेळलेला फलंदाज. निवृत्तीनंतर त्यानं लिहिलं की संघातलाच एकजण त्याला ड्रेसिंग रूममध्ये म्हणायचा, तू अर्धा चांगला माणूस आहेस रॉस, पण कुठला अर्धा? सगळे थट्टा म्हणून हसायचे. बोट फक्त बाहेरच्यांकडे दाखवून आपण सुटत नाही. ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू अँड्र्यू सायमंड्स 2007 मध्ये भारतात खेळायला आला तेव्हा बडोद्यात आणि वानखेडेवर आपल्याच प्रेक्षकांनी माकडाचे आवाज काढले. बॅडमिंटनपटू ज्वाला गुट्टा वर्ध्यात जन्मली, आई चिनी, वडील तेलुगू. 2010 मध्ये तिनं अश्विनी पोनप्पाबरोबर राष्ट्रकुलचं सोनं आणलं, 2011 मध्ये जागतिक स्पर्धेत पदक, आणि तरी तिच्या आईच्या देशावरून तिला काय काय ऐकवलं गेलं ते तिनं स्वतः सांगितलं आहे.

दार बंद असलं की काय होतं तेही बघून ठेव. क्रिकेटपटू बेसिल डी'ऑलिव्हेरा केपटाऊनचा. तिथल्या वर्णद्वेषी कायद्यानं त्याला 'कलर्ड' ठरवलं, म्हणजे देशाच्या संघात जागा नाही. तो इंग्लंडमधले क्रिकेट समालोचक जॉन आर्लट यांना पत्रं लिहीत राहिला. आर्लटनी खटपट करून 1960 मध्ये त्याला लँकेशरच्या लीगमध्ये मिडलटन क्लबाकडे आणवलं, तिकिटाचे पैसे केपटाऊनच्या मित्रांनी गोळा केले. इंग्लंडकडून कसोटीत उतरला तेव्हा तिशी केव्हाच उलटली होती. 1968 मध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध 158 धावा केल्या, तरी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यातून त्याला वगळलं. टॉम कार्टराइट जखमी होऊन बाहेर पडला तेव्हा याला घेतलं, तर दक्षिण आफ्रिकेच्या पंतप्रधानांनी, फोर्स्टरनी, असा संघ आम्हाला चालणार नाही म्हणून सांगितलं, आणि दौराच रद्द झाला. त्याचं ऐन उमेदीचं सगळं वय कुणी खाल्लं? तेव्हाही रक्त तेच होतं. आर्लटसारखा माणूस ज्यांना भेटला नाही असे किती असतील, त्यांच्या धावा कुठल्याच पुस्तकात नाहीत.

आता थोडं माझं ऐक. ऐकायचं नसेल तर पुढचा परिच्छेद सोड, पण तू सोडणार नाहीस.

तुझ्या आधी माझ्याकडे एक मुलगा होता, डावखुरा, तुझ्यासारखाच दोन खंडांतल्या आईबाबांचा. मी ज्या अ‍ॅकॅडमीत शिकवत होतो तिच्या माहितीपत्रकावर त्याचा फोटो छापला आणि खाली लिहिलं, 'दोन वंशांचं वरदान'. मी म्हटलं, त्याच्या आजोबांचं नाव छापा, तो म्हातारा रोज त्याला घेऊन येतो. मला सांगण्यात आलं की तुम्हाला मार्केटिंग कळत नाही. खरंच कळत नाही. मी नोकरी सोडली, आणि लोक म्हणाले, एका ओळीपायी सोडली. एका ओळीपायी नाही. त्या ओळीनंतर पोरगा बॅकहँडच्या ड्रिल्समधून अंग काढायला लागला होता. अंगातच आहे म्हटल्यावर घासायचं कशाला? मोठ्या गटात गेल्यावर सगळे त्याच्या बॅकहँडवरच खेळायला लागले, तो हरत गेला, आणि ज्यांनी वरदान म्हटलं होतं त्यांनीच म्हटलं की ही मुलं दमाची नसतात. त्यानं रॅकेट ठेवून दिली. त्याची आई मला नंतर म्हणाली, 'सर, तुम्ही एकदा तरी त्याला म्हणायला हवं होतं की तुझ्यात काहीतरी खास आहे.' ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. पण मला ते पटलेलं नाही. मी त्याला रोज सांगत होतो की आज तुझा स्लाइस कालच्यापेक्षा खोल पडला. यापेक्षा खास दुसरं काय असतं? कोरडा म्हणा, हेकट म्हणा. तो मुलगा हातचा गेला याचं दुःख मला आहे, आणि आज तो परत आला तर मी त्याला पुन्हा स्लाइसबद्दलच सांगेन.

असो. हे तुला लिहायचं नव्हतं.

कराराचं सांगतो. 'दोन जगांची मुलगी' ही ओळ त्यांना ठेवायची तर ठेवू देत, त्यात खोटं काही नाही, आणि तुझ्या आईबाबांनी काय सोसून ते लग्न केलं हे मला माहीत आहे. पण एक अट घालून घे. तुझ्या नावानं जी मुलाखत किंवा जाहिरात जाईल तिचा मजकूर आधी तुला दाखवायचा, आणि फोटोत तुझा रंग उजळायचा नाही, हे लेखी. तो हसेल. त्याला ओसाकाचं कार्टून दाखव. मुलाखतीत कुणी यशाचं रहस्य विचारलं की नावं घ्यायला लाग. आई, जी तारा भरायचा खर्च परवडेना म्हणून स्वतः मशीनवर तारा भरायला शिकली. बाबा, जे क्वालिफाइंगला तुला नेऊन रात्री गाडीतच झोपायचे. तो हिटिंग पार्टनर, ज्याला तू चिडून बॉल मारला होतास आणि जो दुसऱ्या दिवशी तरी आला. मुलाखत घेणारा कंटाळेल. कंटाळू दे. तीन नावं तरी छापून येतील.

आणि तू कोण, इकडची की तिकडची, याचं उत्तर कुणाला द्यायची तुला घाई नाही. कीज म्हणते, मी दोन्हींपैकी कुठलंच लेबल लावत नाही, मी मी आहे. ओसाकानं जपान निवडलं आणि हैतीही सोडलं नाही. दोघींचं बरोबर आहे. तुझं काय ते ठरव किंवा ठरवू नकोस, मला त्यात मत नाही. माझं मत तुझ्या टॉसबद्दल आहे. सोमवारपासून बाजूनं व्हिडिओ काढ, सरावाच्या सुरुवातीचा नको, शेवटचा, पाय जड झालेले असतानाचा. दुसऱ्या सर्व्हिसची पूर्ण टोपली, आणि कोण बॉल उचलून देतंय तेही कळव, कारण गेल्या वेळी व्हिडिओत जो मुलगा बॉल देत होता त्याचं नाव विचारलं तर तुला माहीत नव्हतं.